नारळीकरांचं विश्व बाद झालं, मग उरलं काय?

प्रश्न असा आहे: "माझा मुलगा एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा जेवताना म्हणाला, 'बाबा, नारळीकरांची थिअरी १९६५ सालीच बाद झाली. ते मोठे होते ते लेखक म्हणून.' आमच्या पिढीने त्यांना आइन्स्टाइनच्या पंक्तीत बसवलं होतं. खरं काय? त्यांचं भौतिकशास्त्रातलं काम नेमकं कोणतं आणि त्यातलं आज काय शिल्लक आहे?"

मुलाचं निम्मं म्हणणं बरोबर आहे आणि ते आधीच मान्य करून टाकलेलं बरं. ज्या विश्वाला सुरुवात नाही अशा विश्वाची बाजू जयंत नारळीकरांनी आयुष्यभर लढवली आणि ती बाजू निरीक्षणांपुढे टिकली नाही. मे २०२५मध्ये ते गेले तेव्हा मराठीत भरभरून लिहून आलं, पण हे वाक्य बहुतेकांनी गिळलं. 'हॉईल-नारळीकर सिद्धांत' असं नाव घ्यायचं, तो काय सांगतो ते सांगायचं नाही आणि थेट विज्ञानकथांकडे वळायचं, अशी रीतच पडली आहे. मुलांना ही चलाखी कळते आणि मग ती दुसऱ्या टोकाला जातात. माझी हयात विश्वरचनाशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे हा वाद वर्गात पुष्कळदा झालेला आहे. जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक घोटाळा दूर करू. 'नारळीकरांची थिअरी' म्हणून एक गोष्ट नाही, निदान चार आहेत. स्थिर-स्थिती विश्वाची, म्हणजे पसरत असूनही घनता तीच राखणाऱ्या आणि सुरुवात नसलेल्या विश्वाची कल्पना हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल यांनी १९४८ साली मांडली. नारळीकर तेव्हा बनारसला शाळेत होते, वय १०. त्या कल्पनेला त्यांनी हॉईलबरोबर १९६०च्या आसपास नीट गणिती पाया दिला, ते झालं सी-क्षेत्र, म्हणजे द्रव्य निर्माण करणारं क्षेत्र. १९६४ सालचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत ही तिसरी गोष्ट. हॉईल-नारळीकर सिद्धांत म्हणतात तो हा, आणि त्याचं महास्फोट झाला की नाही या वादाशी थेट नातं नाही. चौथी गोष्ट १९९३ सालची, स्थिर-स्थितीची सुधारून वाढवलेली आवृत्ती. मुलगा म्हणतो ते १९६५ साल पहिल्या गोष्टीला लागू पडतं. बाकीच्यांचं आयुष्य वेगवेगळं.

चरित्राचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख आणि भारतात सापेक्षतेवर संशोधन सुरू करणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. प्र. चु. वैद्य यांनी प्रारण (रेडिएशन) सोडणाऱ्या ताऱ्यासाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांचं उत्तर शोधलं ते याच बनारसच्या वातावरणात. घरात फळा होता आणि शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा त्यावर भाच्यासाठी आव्हानाची गणितं लिहून ठेवत. १९५७ साली केंब्रिज, तिथे सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले), पुढे टायसन पदक आणि मग हॉईलचे विद्यार्थी. स्टीव्हन हॉकिंग १९६२मध्ये केंब्रिजला आले ते हॉईल मार्गदर्शक मिळतील या आशेने. त्यांना डेनिस शियामा मिळाले. हा तपशील पुढे कामाला येतो.

नारळीकर संशोधनाला लागले तेव्हा गुरू अडचणीत होते. फेब्रुवारी १९६१मध्ये केंब्रिजचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी पत्रकार परिषद घेतली, हॉईलना सपत्नीक बोलावून पुढे बसवलं आणि पडदा वर करून रेडिओ स्रोतांच्या मोजणीचा आलेख दाखवला. मोजणीमागची कल्पना साधी आहे. आकाशातले रेडिओ स्रोत तेजस्वितेप्रमाणे मोजा. सगळीकडे सारखेच पसरलेले असतील तर मंद स्रोतांची संख्या एका ठरावीक गतीने वाढायला हवी. लॉगरिदमच्या कागदावर त्या रेषेचा उतार दीड येतो. स्थिर-स्थितीत तो दीडहून कमीच यायला हवा. राइलना १.८च्या आसपास मिळाला. म्हणजे दूर, पर्यायाने भूतकाळात, स्रोत जास्त होते. विश्व बदलत आलेलं आहे, हॉईल खोटे, संपला विषय.

इथे पहिल्याच वर्षातला विद्यार्थी आणि त्याचे गुरू यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी राइलचे आकडे नाकारले नाहीत. नाकारायला सबळ कारण होतं, कारण राइलचीच १९५५ची मोजणी बरीचशी चुकीची निघाली होती. उलट त्यांनी विचारलं की दीड हा आकडा येतो कुठून? स्रोत एकसारखे विखुरलेले आहेत या गृहीतकातून. ते गृहीतक सोडून, स्रोत मोठाल्या पुंजक्यांत आहेत आणि मध्ये रिकाम्या जागा आहेत असं धरलं, तर आपण नेमके कुठे बसलो आहोत यावर उतार तीव्र येऊ शकतो. त्यासाठी पुंजक्यांचा आकार सुमारे १६ कोटी प्रकाशवर्षं लागत होता. तेव्हाच्या खगोलशास्त्रज्ञांनी हे हसण्यावारी नेलं. एवढ्या मोठ्या रचना असतीलच कशा? आज दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) समूहांचे महासमूह आणि त्यांमधल्या पोकळ्या याच मापाच्या आहेत हे पदवीच्या पुस्तकात असतं. स्थिर-स्थिती यामुळे वाचली नाही. राइलचा निष्कर्ष शेवटी बरोबरच ठरला. पण तो ज्या युक्तिवादाने काढला होता त्यातली फट एका नवख्या विद्यार्थ्याने नेमकी दाखवली होती.

आता सी-क्षेत्राकडे. स्थिर-स्थितीवरचा नेहमीचा आक्षेप असा: विश्व प्रसरण पावतंय आणि तरी घनता तीच राहायची, तर नवं द्रव्य सतत निर्माण व्हायला हवं. फार नाही, एका घनमीटरात शंभर कोटी वर्षांमध्ये हायड्रोजनचे एखाद-दोन अणू. पण शून्यातून एक अणू आला काय आणि हजार आले काय, ऊर्जेच्या अक्षय्यतेचं काय करायचं? अजूनही पुस्तकांत लिहिलेलं सापडतं की स्थिर-स्थिती हा नियम मोडते. हॉईल-नारळीकरांच्या मांडणीत ती मोडत नाही. त्यांनी एक अदिश क्षेत्र (प्रत्येक बिंदूला फक्त एक आकडा, दिशा नाही) घेतलं, ज्याची ऊर्जा ऋण आहे. कण जन्माला येतो तेव्हा त्याच्या धन ऊर्जेची भरपाई या क्षेत्राच्या ऋण ऊर्जेतून होते, जमाखर्च शून्य. आणि त्या ऋण ऊर्जेबरोबर येणारा ऋण दाब विश्वाला ताणत राहतो, म्हणून प्रसरण घातांकी.

घातांकी प्रसरण, अदिश क्षेत्र, ऋण दाब. तुमच्या मुलाने गेल्या सत्रात हेच शब्द 'इन्फ्लेशन' (आरंभी क्षणार्धात विश्व प्रचंड ताणलं गेलं ही कल्पना) या मथळ्याखाली शिकले असतील, १९८१, अॅलन गुथ. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हॉईल आणि नारळीकरांनी दाखवलं होतं की अशा प्रसरणात सुरुवातीच्या सुरकुत्या आणि दिशादिशांमधले फरक आपोआप पुसले जातात. १९६६मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं: काही भागात निर्मिती थांबली तर तो भाग बुडबुड्यासारखा वेगळा होईल, बाहेरचा प्रदेश घातांकी वेगाने ताणत राहील, आणि आपण कदाचित अशाच एका बुडबुड्यात आहोत. यावरून 'इन्फ्लेशन नारळीकरांनी शोधलं' असं म्हणणारे लोक मला भेटतात. तसं म्हणू नये. गुथ वेगळ्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते, त्यांचं क्षेत्र कणभौतिकीतून आलं होतं आणि त्याची ऊर्जा धन होती. पण गणिताचा साचा आधी कुणी वापरला असं विचाराल तर उत्तर स्वच्छ आहे.

मला वैयक्तिक सर्वांत आवडणारं काम मात्र वर्तमानपत्रांत कधीच येत नाही. ते आहे विद्युतचुंबकत्वाचं.

तळ्यात खडा टाकला की तरंग बाहेर जातात. काठावरून तरंग आत येऊन नेमके त्या बिंदूत मिटले, असं कधी दिसत नाही. पण मॅक्सवेलची समीकरणं दोन्हींना सारखीच परवानगी देतात. भूतकाळातून येणारं उत्तर आणि भविष्यातून येणारं उत्तर, दोन्ही बरोबर. आपण दुसरं खोडून टाकतो, कारण ते दिसत नाही. व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ साली म्हटलं की खोडू नका. प्रत्येक प्रभार निम्मा परिणाम भविष्याकडे आणि निम्मा भूतकाळाकडे पाठवतो असं धरा. विश्वातले बाकीचे सगळे प्रभार त्याला प्रतिसाद देतात आणि त्या प्रतिसादाची बेरीज अशी होते की भविष्यातून येणारा भाग कटतो. अट एकच: निघालेलं सगळं प्रारण विश्वात कुठेतरी शोषलं गेलं पाहिजे. गोची अशी की स्थिर, न पसरणाऱ्या विश्वात हे गणित उलट्या बाजूनेही तितकंच चालतं.

जे. ई. हॉगार्थ यांनी १९६२मध्ये आणि लगेच पुढे हॉईल-नारळीकरांनी विचारलं: विश्व पसरतंय हे धरलं तर? मग भूत आणि भविष्य सारखे राहत नाहीत. कायम पसरणाऱ्या महास्फोटाच्या विश्वात पुढे पुढे द्रव्य इतकं विरळ होतं की भविष्यात पुरेसं शोषण होत नाही. गणित चुकीची दिशा देतं. स्थिर-स्थितीत घनता टिकून राहते, म्हणून भविष्यात शोषण पूर्ण, आणि दिशा बरोबर येते. म्हणजे तुमच्या घरातल्या रेडिओचा अँटेना संदेश मिळण्याआधी का थरथरत नाही, याचं उत्तर दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात यात आहे. १९६३ साली कॉर्नेलला काळाच्या स्वरूपावर एक परिषद झाली. तिथल्या चर्चेत फाइनमन होते, पण छापील वृत्तांतात त्यांनी नाव येऊ दिलं नाही, 'मिस्टर एक्स' म्हणून आले. हॉईल आणि नारळीकर तिथे हेच काम घेऊन गेले होते. पुढे १९६९ ते १९७१ या काळात दोघांनी हे पुंज (क्वांटम) पातळीवर नेलं आणि १९९५मध्ये सगळ्याचा आढावा 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'मध्ये आला. आज या वाटेने फार लोक जात नाहीत हे खरं. पण काळाच्या बाणाचा विद्युतचुंबकीय आणि वैश्विक असा जोड लावण्याची चर्चा निघाली की हे शोधनिबंध टाळून जाता येत नाही.

आता १९६४. ज्यामुळे भारतात त्यांचं नाव घरोघरी पोचलं तो सिद्धांत हा. विचार भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माखचा: वस्तूचं जडत्व तिचं स्वतःचं नसतं, बाकीच्या विश्वामुळे तिला मिळतं. आइन्स्टाइनला ही कल्पना प्रिय होती, पण त्यांच्या समीकरणांत ती पूर्णपणे उतरली नाही. रिकाम्या विश्वातही तिथे एकट्या कणाला वस्तुमान असतं. हॉईल-नारळीकरांनी प्रत्येक कणाचं वस्तुमान म्हणजे इतर सगळ्या कणांकडून आलेल्या वाट्यांची बेरीज, असं थेट लिहिलं. विश्वात एकच कण असेल तर त्याला वस्तुमानच नाही. पुष्कळ कणांच्या सरासरीत आइन्स्टाइनचीच समीकरणं मिळतात, आणि वर गुरुत्वाकर्षण आकर्षणच का, प्रतिकर्षण का नाही, हे गृहीत न धरता बाहेर येतं. सापेक्षतेत ते चिन्ह न्यूटनशी जुळवून घ्यावं लागतं.

जून १९६४मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉईलनी हे मांडलं. प्रश्नांच्या वेळी हॉकिंग काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले की तुमची ती बेरीज अनंत येते. कशावरून, असं हॉईलनी विचारलं. गणित करून पाहिलंय, हे उत्तर. नारळीकरांची खोली हॉकिंगच्या शेजारीच होती आणि हॉकिंगनी त्यांच्याकडची गणितं छापून येण्याआधीच पाहिली होती. आक्षेप नेमका होता. विजेचे प्रभार धन आणि ऋण असतात, त्यामुळे भविष्याकडून येणारे वाटे एकमेकांना खातात. वस्तुमान एकाच चिन्हाचं, त्यामुळे कायम पसरणाऱ्या विश्वात ती बेरीज साचतच जाते. १९६५मध्ये हॉकिंगनी ते छापलं. हॉईल आणि नारळीकरांनी पुढच्या दशकात मांडणी बदलून मार्ग काढायचा प्रयत्न केला, पण आइन्स्टाइनपेक्षा वेगळं आणि मोजता येईल असं भाकीत त्यातून ठसठशीत निघालं नाही. माझ्या मते हा सिद्धांत चुकीचा ठरला असं म्हणण्यापेक्षा तो हाती काही न लागता थांबला असं म्हणावं. भारतीय वर्तमानपत्रांना याचं सोयरसुतक नव्हतं. १९६५मध्ये पद्मभूषण मिळालं, वय २६. आइन्स्टाइनच्या पंक्तीत बसवण्याचा जो प्रकार तुम्ही म्हणता तो तेव्हाचा. त्यांनी स्वतः तो कधी उचलून धरल्याचं मला माहीत नाही.

आणि त्याच १९६५ साली न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनाला सगळ्या दिशांनी सारखं येणारं मायक्रोवेव्ह प्रारण सापडलं, सुमारे ३ केल्विन तापमानाचं. तप्त आरंभाच्या विश्वात असं थंड झालेलं प्रारण उरायलाच हवं होतं. स्थिर-स्थितीत त्याला जागा नव्हती. बहुतेकांनी त्या दिवशी पान उलटलं. मुलाचं १९६५ हे.

नारळीकरांनी उलटलं नाही. १९७२मध्ये ते केंब्रिज सोडून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. हॉईलनीही त्याच वर्षी केंब्रिजचा राजीनामा दिला होता. टाटा संस्थेतल्या वर्षांत त्यांच्या हाताखाली अजित केंभावी आणि ताणू पद्मनाभन यांच्यासारखे विद्यार्थी तयार झाले. पद्मनाभनबरोबर १९८५ साली त्यांनी दाखवलं की सी-क्षेत्र घेतलं तर ज्या अडचणींसाठी इन्फ्लेशन आणलं त्या सुटतात, आणि शिवाय आरंभीची सिंग्युलॅरिटीही (जिथे घनता अनंत होते आणि गणित कोलमडतं तो बिंदू) टळते, जी इन्फ्लेशनने टळत नाही. लक्षात घ्या, पद्मनाभन पुढे गुरूच्या वाटेने गेले नाहीत. गुरुत्वाकर्षण आणि उष्मागतिकी यांच्या नात्यावरचं त्यांचं नाव झालेलं काम पूर्ण वेगळ्या दिशेचं आहे, आणि त्यांनी महास्फोटाचं विश्वरचनाशास्त्र निःसंकोच शिकवलं. गुरू स्वतः अल्पमतात, विद्यार्थी बहुमतात, आणि दोघे एकाच इमारतीत. आपल्याकडच्या विद्यापीठांत असं चित्र किती ठिकाणी दिसतं ते तुम्हीच आठवून बघा.

१९९३मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी नवी आवृत्ती मांडली. विश्व फार दीर्घ मुदतीत पसरतंय, पण त्यावर सुमारे ५,००० कोटी वर्षांची आंदोलनं आहेत, आणि निर्मिती सगळीकडे संथपणे न होता जड वस्तूंच्या आसपास छोट्या छोट्या स्फोटांत होते. इथे एक हिशेब मुलाने स्वतः करून बघावा. विश्वातल्या साध्या द्रव्याची हॉईल आणि मंडळींनी धरलेली घनता घ्या, त्यातला जवळपास पाव भाग हेलियम. हे सगळं हेलियम ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनपासून बनलं असं धरा. एक किलो हेलियम बनताना साधारण ६ × १०<sup>१४</sup> जूल ऊर्जा बाहेर पडते. गुणाकार केला की दर घनमीटरला सुमारे ४.५ × १०<sup>-१४</sup> जूल येतात. एवढी ऊर्जा एकाच तापमानाला मुरली तर ते तापमान किती? २.८ केल्विनच्या आतबाहेर. आकाशात मोजलेलं आहे २.७२५.

हे पहिल्यांदा करून बघितलं की माणूस दचकतो. महास्फोटाच्या चित्रात हा निव्वळ योगायोग आहे, आणि योगायोग म्हणूनच तो सोडून द्यावा लागतो. हॉईल आणि मंडळींना तो सोडवेना. ताऱ्यांचा प्रकाश मायक्रोवेव्हमध्ये कसा मुरणार, तर अवकाशात लोखंडाच्या मिलिमीटरभर लांब, अतिशय बारीक सुया तरंगत असतील, त्या तो शोषून पुन्हा सोडतील. धातूची वाफ थंड होताना अशा सुया बनतात हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, त्यामुळे कल्पना हवेतली नव्हती. पण पुरती जुळलीही नाही. कोबे उपग्रहाने १९९०मध्ये त्या प्रारणाचा वर्णपट दाखवला तो इतका परिपूर्ण ब्लॅकबॉडी (एकाच तापमानाच्या वस्तूचा) होता की वेगवेगळ्या काळचा, वेगवेगळ्या ठिकाणचा प्रकाश गोळा करून तो बनवणं अवघड. दूरच्या, म्हणजे जुन्या, वायुमेघांत प्रारणाचं तापमान आजच्यापेक्षा जास्त मोजलं गेलं, तेही महास्फोट सांगतो त्या प्रमाणात. आणि शेवटी डब्ल्यूमॅप आणि प्लांक या उपग्रहांनी त्या प्रारणातले सूक्ष्म चढउतार मोजले. त्यांच्या आलेखातले एकामागून एक येणारे शिखर म्हणजे तप्त, दाट विश्वातल्या ध्वनितरंगांचा ठसा. मोजक्या सहा आकड्यांत तो सगळा आलेख बसतो. सुयांनी तो बसवता येत नाही. माझ्यापुरता निकाल तिथे लागला.

नारळीकरांशी माझं सर्वांत जास्त कुठे जमत नाही, तर खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्प यांच्या क्वासारच्या, म्हणजे दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांच्या बाबतीत. आर्प यांचं म्हणणं, काही क्वासार जवळच्या दीर्घिकांशी जोडलेले दिसतात, तरी त्यांची ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे सरकणं, रेडशिफ्ट) खूप मोठी, म्हणजे ताम्रसृती नेहमी अंतर सांगत नाही. नारळीकरांनी बदलत्या वस्तुमानाचा आधार देऊन त्याला सैद्धांतिक घर बांधून दिलं. १९७०च्या दशकात हे करणं योग्यच होतं. पुढे लाखो क्वासारांची पद्धतशीर सर्वेक्षणं झाली आणि त्या जोड्यांमधलं वेगळेपण विरघळून गेलं, तरी ते त्यांना झुकतं माप देत राहिले. अल्पमतात फार वर्षं राहिलं की दुसऱ्या अल्पमताबद्दल जिव्हाळा वाटतो, असं मला वाटतं.

हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुराबद्दलही इथेच सांगून टाकतो. जेम्स वेब दुर्बिणीला आरंभकाळात अपेक्षेपेक्षा तेजस्वी दीर्घिका दिसल्या, म्हणजे महास्फोट खोटा आणि आपले नारळीकर खरे, असं त्यात असतं. त्या दीर्घिका इतक्या लवकर कशा घडल्या हा खरा आणि चांगला प्रश्न आहे. पण तो दीर्घिका घडण्याचा प्रश्न आहे. शिवाय त्या दीर्घिका आजच्यासारख्या दिसत नाहीत, लहान आणि घट्ट आहेत. विश्व बदलत आलं आहे हेच त्या सांगतात. १९९८मध्ये विश्वाचं प्रसरण वेग घेतंय असं कळलं तेव्हाही असाच आनंद झाला होता. स्थिर-स्थितीत वेगवान प्रसरण १९४८पासून होतंच, हे बरोबर. पण एका खुणेवरून माणूस ओळखू नये. बाकीच्या खुणा जुळत नाहीत.

तर शिल्लक काय? गणितातलं मी सांगितलं. दुसरं म्हणजे पुण्याचं आयुका, विद्यापीठांसाठीचं खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं केंद्र. यश पाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना ही कल्पना निघाली, १९८८मध्ये संस्था उभी राहिली आणि २००३पर्यंत नारळीकर संचालक होते. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली इमारत, मधल्या कुंडाभोवतीचे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे, हे सगळे फोटोत बघतात. मला महत्त्वाची वाटते ती तिची घटना. संशोधन मोठ्या संस्थांत आणि शिकवणं विद्यापीठांत, अशी जी फाळणी आपल्याकडे झाली, तिच्यावर हा उतारा होता. आडगावच्या कॉलेजातला प्राध्यापक तिथे येऊन राहू शकतो, ग्रंथालय, संगणक आणि मुख्य म्हणजे बोलायला माणसं मिळतात, आणि परत जाऊन तो आपल्या गावी विद्यार्थी घडवतो. देशातल्या विद्यापीठांत आज सापेक्षता आणि खगोलभौतिकी शिकवणाऱ्यांतले पुष्कळ जण या दारातून गेलेले आहेत. हिंगोलीत होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पामागे आयुकाची जी तयारी आहे तीही याच मातीतली. आणि महास्फोट न मानणाऱ्या संचालकाने संस्थेत महास्फोटावर काम करणाऱ्यांचीच भरती केली, हे विसरू नका.

कुंडलीची चाचणी तर तुम्हाला आठवत असेल. २००८च्या सुमारास पुणे विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या, ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवली २७ जणांनी. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून जवळपास तेवढंच येतं. लोक हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या खात्यात टाकतात. मला त्यात राइलच्या आलेखापुढे बसलेला तरुण दिसतो: भाकीत काय आहे ते आधी ठरवा, मग मोजा.

विज्ञानकथांबद्दल इथे लिहीत नाही, तो प्रांत माझा नाही. एवढंच की मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवताना त्यांनी आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली.

मुलाला वाद घालायचाच असेल तर त्याला एक काम द्या. विश्वाच्या प्रसरणाचं फ्रीडमनचं समीकरण घे म्हणावं, सपाट विश्वासाठी. उजवीकडे द्रव्याच्या घनतेतून सी-क्षेत्राची ऊर्जा वजा कर. निर्मिती चालू नसताना द्रव्याची घनता विश्वाच्या आकाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, आणि सी-क्षेत्राची सहाव्या घाताच्या. आता आकार शून्याकडे ने. ऋण पद आधी वरचढ होतं, उजवी बाजू शून्य होते आणि विश्व सिंग्युलॅरिटीत न शिरता परत फिरतं. चार ओळींचं गणित आहे. मग त्याच्या सरांकडे जाऊन विचार म्हणावं की यात गैर काय. सर सांगतील की ज्या क्षेत्राची गतिज ऊर्जा ऋण आहे ते पुंजभौतिकीत अस्थिर ठरतं, निर्वात स्वतःच कोसळायला लागतं. ते बरोबर आहे. हॉईल-नारळीकरांचं क्षेत्र अभिजात (पुंजभौतिकीपूर्व पद्धतीचं) होतं आणि हा आक्षेप त्यांनी पुरता कधीच निकालात काढला नाही. आज महास्फोटाऐवजी उसळी घेणाऱ्या विश्वावर जे काम चालतं, त्यातल्या अनेकांचा रोजचा झगडा याच ऋण चिन्हाशी आहे.